बाबांची पद्मिनी गॅरेजवर सोडू का?

बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, हल्ली धूर मारते आणि गॅरेजवाला म्हणतो महिनाभर ठेवून जा, इंजिन खोलावं लागेल. मागे एकाने ओरिजिनल कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) काढून लोकल बसवला, तेव्हापासून गाडी कुणाच्या हातात द्यायला जीव होत नाही.

> धूर निळा की काळा? काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आधी कार्बोरेटर बघ, इंजिन कशाला खोलायचं. निळा असेल तर ऑइल जळतंय, कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजतात ती) तुझ्यासमोर करायला लाव.

> निळाच, सकाळी स्टार्टला जास्त.

> मग व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) झिजले असतील दादा, तिथून ऑइल आत जातं. सोडण्याआधी इंजिन नंबर, डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना करंट वाटतो तो भाग), सगळ्याचे फोटो काढा, जुने पार्ट परत हवेत हे जॉबकार्डवर (गॅरेजच्या कामाच्या कागदावर) लिहून घ्या, आणि दर रविवारी चक्कर मारा.