वर्षाला 18 रजा, सगळ्या एकाच खात्यात आणि 31 डिसेंबरला बाद: मुंबईतल्या ऑफिसात हे चालतं का?

हजेरीपट
ऑफिस अंधेरी पूर्वेला, 35 माणसं, रविवार बंद. गुमास्ता (दुकाने-आस्थापना नोंदणी) आहे, कारखाना नाही. रजेचे नियम नव्याने लिहायचे आहेत. सध्या वर्षाला 18 रजा मिळतात, त्यात सीएल-पीएल (नैमित्तिक-अर्जित) असा भेद नाही आणि उरलेल्या 31 डिसेंबरला बाद होतात. शनिवार आणि सोमवार रजा घेतली तर मधला रविवारही कापतात. राजीनामा दिलेल्याला उरलेल्या रजेचे पैसे फक्त बेसिकवर, 30 ने भागून, तेही 45 दिवसांनी. प्रसूती रजेवरून परतलेल्या एका कर्मचारी बाईंच्या खात्यात यंदा शून्य रजा दाखवली आहे, कारण गेल्या वर्षी त्यांची हजेरी 120 दिवसच होती. यातलं काय टिकेल?

कलम अठरा
सीएल बाद होणं सोडलं तर फारसं काही टिकणार नाही.

मुंबईत दुकानं आणि ऑफिसांना महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा लागतो. तो 19 डिसेंबर 2017 पासून अमलात आहे, 1948 चा जुना कायदा तेव्हा गेला. त्याच्या कलम 18 मध्ये तीन वेगळी खाती आहेत आणि तुमच्याकडचा सगळा घोळ ती एकत्र केल्यामुळे झाला आहे.

नैमित्तिक रजा, म्हणजे सीएल, वर्षाला 8. ती तिमाहीला जमा होते, म्हणजे दर तीन महिन्यांनी 2, आणि वर्षअखेर उरली तर जाते. बरीच ऑफिसं आठही जानेवारीत देऊन टाकतात आणि मार्चमध्ये कुणी सोडून गेला की हिशोबातून परत कापायला बसतात. तिमाहीला जमा केली तर तो वाद उरत नाही.

अर्जित रजा, म्हणजे पीएल. दर 20 दिवस कामामागे 1, आदल्या वर्षी 240 दिवस भरले असतील तर. ही बाद होत नाही, 45 दिवसांपर्यंत साठते. तुमच्यासारखा एकच दिवस बंद असेल तर हिशोब असा: 365 मधून 52 रविवार गेले, 8 सणाच्या सुट्ट्या गेल्या, 8 सीएल आणि समजा घेतलेल्या 13 पीएल वजा केल्या, राहिले 284. भागिले 20, म्हणजे 14. सीएलच्या 8 धरून 22 होतात. तुम्ही 18 देता, म्हणजे मुळातच 4 कमी.

तिसरं खातं सणांच्या 8 भरपगारी सुट्ट्यांचं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या 4 वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. इथे कॅलेंडर बघा. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन रविवारी आहे. ते यादीत घातलं असेल तर एक सुट्टी फुकट गेली, त्यापेक्षा पाडवा किंवा गणेश चतुर्थी बरी. सणाच्या सुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुट्टी, दोन्ही. लोकसभा-विधानसभेच्या मतदानाची भरपगारी सुट्टी या आठात मोडत नाही, ती निवडणूक कायद्याची वेगळी आहे.

पगारबिल
वरचं बरोबर, पण अर्धंच. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू आहेत. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 32 मध्ये पीएलचा दर तोच, 20 दिवसांमागे 1, पण पात्रता 240 ऐवजी 180 दिवसांची.

शनिवार-रविवार बंद असणाऱ्या ऑफिसांना हा फरक मोठा आहे. 261 दिवसांतून सणाच्या 8 आणि सीएलच्या 8 गेल्या की 245 उरतात. वर कामाचे सहा दिवस तापाने पडलात, की 240 ची रेषा हुकली आणि वर्षभराची पीएल गेली. 180 मुळे ती भीती जाते.

रविवार कापण्याबद्दल: याच कलमात लिहिलं आहे की रजेच्या मध्ये, आधी किंवा नंतर येणारी सुट्टी रजेत धरायची नाही. म्हणजे पीएलला सँडविच (दोन रजांमधली सुट्टीही कापणं) लावता येत नाही. सीएलबाबत असं स्पष्ट वाक्य नाही, तिथे ऑफिसचा नियम चालतो. पण 8 च्या सीएलला सँडविच लावणं म्हणजे कंजूषपणाचा कळस.

प्रसूतीचा मुद्दा सरळ चुकला आहे. 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस, पात्रतेसाठी कामाचे दिवस धरायचे. 120 अधिक 182, 302 झाले. 240 लावा नाहीतर 180, बाई पात्र आहेत. मात्र त्या 182 दिवसांवर नवी रजा मिळत नाही. म्हणून 120 भागिले 20, म्हणजे 6 पीएल. शून्यही नाही आणि 15 ही नाही.

हिशोबाचे पैसे: नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहेत, राजीनामा असला तरी. आणि 'फक्त बेसिक' आता चालत नाही. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. समजा पगार 30,000: बेसिक 10,000, घरभाडे 12,000, प्रवास 8,000. भत्ते 20,000, निम्मे 15,000, वरचे 5,000 बेसिकमध्ये आले, वेतन 15,000. 19 पीएल शिल्लक असेल तर 26 ने भागून 10,962 रुपये. तुमच्या पद्धतीने 6,333 येतात. पीएल मोजताना रविवार धरत नाही, तर भागतानाही धरू नये, म्हणून 26. आणखी एक: 'स्पेशल अलाउन्स' वगळायच्या यादीत नाही, तो पूर्ण वेतनात येतो.

हजेरीपट
45 आणि 30 चा घोळ होतो आहे. संहितेत 30 दिवसच पुढे नेता येतात ना? आणि आजारपणाची रजा कुणीच सांगितली नाही.

कलम अठरा
30 ची मर्यादा आहे, पण वरची रजा बुडत नाही, तिचे पैसे मागता येतात. शिवाय वर्षअखेर मागणी केली तर शिल्लक रजेचे पैसे देणं भाग आहे. माझं मत: राज्याची 45 ची साठवण कायम ठेवा आणि पैसे मागण्याचा पर्याय संहितेचा घ्या. दोन्हीतलं कामगाराच्या फायद्याचं घेतलं की भांडण येत नाही.

नियमात एक ओळ नक्की हवी: रजा नाकारली तर लेखी नाकारायची. 15 दिवस आधी अर्ज करून नाकारलेल्या रजेला राज्याच्या कायद्यात 45 च्या वर पैसे मिळतात, संहितेत ती मर्यादेशिवाय पुढे जाते. तोंडी 'आत्ता नको, नंतर बघू' म्हटलं की दोन्ही बाजू पुराव्याविना अडकतात.

मॅनेजर आणि गोपनीय कामावरची माणसं दुकाने कायद्याच्या बाहेर आहेत, पण त्यांची यादी वेबसाइटवर किंवा ऑफिसात लावावी लागते. कार्डावर 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' छापलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही.

विमापत्र
आजारपणासाठी कलम 18 मध्ये वेगळं खातं नाही. ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो त्यांना तिथून पैसे मिळतात: सरासरी रोजाच्या 70 टक्के, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी काळात निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनसाठी, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरसाठी. पहिले दोन दिवस कोरडे जातात; आधीचं आजारपण मागच्या 15 दिवसांत संपलं असेल तर मात्र जात नाहीत. दाखला ईएसआयच्या डॉक्टरचाच लागतो. खाजगी दाखल्यावर अडवाअडवी होते, म्हणून पहिल्याच दिवशी दवाखान्यात नोंद करायला सांगा. ते दोन दिवस सीएलमध्ये टाकायची सोय नियमात लिहून ठेवा.

ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी 6-7 दिवसांची वेगळी आजारी रजा द्या. कायद्याची सक्ती नाही, पण नाही दिलीत तर माणसं ताप अंगावर काढतात किंवा खोट्या कारणाने सीएल संपवतात.

पगारबिल
मालक ऐकत नसेल तर मुंबईत गुमास्त्याचं काम महापालिकेकडे आहे, वॉर्ड ऑफिसातल्या दुकाने व आस्थापना खात्यात सुविधाकाराकडे (पूर्वीचा निरीक्षक) अर्ज द्यायचा. कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. सोबत रजेच्या कार्डाची प्रत, हजेरीची प्रिंट आणि अर्ज-नकाराचे ईमेल जोडा. रजेचं पोर्टल 31 डिसेंबरला शिल्लक पुसत असेल तर 30 तारखेला स्क्रीनशॉट घ्यायला सगळ्यांना सांगा.