थर्माकोलची टेकडी स्प्रेने वितळली

प्रश्न: २८ मिमी मिनिएचरसाठी (टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्ती) थर्माकोलची टेकडी केली. काळा स्प्रे रंग मारताच खड्डे पडले, खालचा पुठ्ठाही वाकला. स्वस्त उपाय सांगा.

उत्तर १: स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं. फेव्हिकॉल आणि काळा ॲक्रिलिक रंग समान घ्या, थोडं पाणी घालून ब्रशने दोन हात द्या. मग स्प्रेची गरजच नाही. तरी मारायचाच असेल तर एकही भेग उघडी नको, तिथूनच तो आत शिरतो.

उत्तर २: पुठ्ठ्याऐवजी ३ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घ्या. तळालाही एक हात मारा. एकाच बाजूला ओलं लागलं की वाळताना ती आकसते.

उत्तर ३: जमिनीसारखा पोत यायला वाळू लावणार असाल तर चाळूनच लावा. रात्रभर सुकवून वर पातळ फेव्हिकॉल द्या, नाहीतर ड्रायब्रश करताना (जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर रंग घासताना) कण सुटतात. आणि माथा सपाट ठेवा, उतारावर मिनिएचर घसरतात.