मदत हवी आहे: चिखलणीनंतर ट्रॅक्टरचं मागचं तेल पांढरट झालंय, कुठलं घालू?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला आमची भातशेती आहे. ट्रॅक्टर जुना घेतलाय, तेलातले ब्रेक असलेला. यंदा चिखलणी लांबली, चाकं तासन्‌तास पाण्यात होती. काल गिअरपेटीची पट्टी काढून बघितली तर तेल दूध घातलेल्या चहासारखं! लिफ्टसुद्धा औजार उचलताना थरथरते. पाणी शिरलंय हे उघड आहे, सील बदलायला दिलंय. अडलंय ते तेलापाशी.

आमचे मिस्त्री म्हणतात, ९० नंबरचं गिअरतेल घाला, जाड असतं, सील गळलं तरी टिकेल. बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामावर असलेले आमचे पाव्हणे म्हणतात, ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल घाला, लिफ्ट हलकी चालेल. पुस्तिकेत मात्र तेलातल्या ब्रेकसाठीचं वेगळं तेल सांगितलंय आणि ते दोन्हीपेक्षा महाग पडतं.

फिरणारा शाफ्ट तेलाला आपल्याबरोबर अरुंद फटीत ओढतो, तिथं दाब तयार होतो आणि शाफ्ट धातूला न टेकता तेलाच्या थरावर फिरतो, एवढं मला ठाऊक आहे. तो थर मायक्रॉनमध्ये मोजायचा, म्हणून पाणी मिसळलेलं तेल भार पेलत नाही हेही पटतं. पण एकाच पेटीतलं तेल गिअर, लिफ्ट आणि ब्रेक तिन्हीला पुरवायचं असेल तर जाडी कुणाच्या हिशेबानं धरायची? आणि ट्रॅक्टर उभा ठेवला तर पाणी खाली बसेल का? तेवढंच काढून हेच तेल चालवता आलं तर बरं. ट्रॅक्टर बंद म्हणजे शेजारच्यांचीही कामं अडतात.

प्रतिसाद:
अण्णा, ९० घालू नका. हे आकडे एका मापाचे नाहीत. हायड्रॉलिकचं ६८ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला मोजलेली जाडी. गिअरतेलाच्या ९० चं कोष्टक वेगळं, तिथं मोजणी १०० अंशाला होते. इंजिनचं कोष्टक आणखी तिसरं. गिअरचं ९० आणि इंजिनचं ४० किंवा ५० जवळपास सारखेच जाड असतात.

शिवाय प्रश्न नुसत्या जाडीचा नाही. गिअरतेलातली रसायनं दात घासू नयेत म्हणून असतात. तुमच्या ब्रेकच्या चकत्या त्याच तेलात बुडालेल्या, तिथं ठरावीक घर्षण हवंच, नाहीतर ब्रेक घसरतील किंवा कर्कश वाजतील. साध्या ६८ मध्ये दातांच्या दाबाला पुरेल असं संरक्षण नसतं. पुस्तिकेतलं तेल या तिन्ही कामांचा मेळ घालून बनवतात, तेच घ्या.

पांढरं झालेलं तेल परत वापरू नका. पाणी त्यात एकजीव झालंय, उभं ठेवून सगळं सुटणार नाही. ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट असताना सगळे बूच उघडा, जाळी धुवा, फिल्टर बदला. डिझेलनं धुवू नका, ते कानाकोपऱ्यात राहून नवं तेल पातळ करतं. आणि ब्रीदर, म्हणजे पेटीतली हवा आत-बाहेर जायची वाट, तपासाच. तापलेली पेटी गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ब्रीदर तुंबला असेल तर ते नव्या सीलच्या कडेनंही आत येईल.

धागाकर्ता:
धन्यवाद. ६८ चा डबा आणला होता, तो परत करतो. ब्रीदर उद्याच उघडून बघतो. आता एवढंच सांगा, हे ब्रेकवालं तेल बेळगावात सुटं मिळतं का, आणि सुटं घेतलेलं चालेल का? की सीलबंद बादलीच घेऊ?