‘नदी वाहती ठेवा, मिथेन संपेल’ हे मला पटत नाही

तपोवनकर

परवा इथे आलेली एक पोस्ट दोन दिवसांत चार ग्रुपवरून फिरत माझ्याकडे परत आली. मजकूर थोडक्यात असा: साचलेलं पाणी मिथेन सोडतं, वाहतं पाणी सोडत नाही; म्हणून गंगापूर धरणातून बाराही महिने पाणी सोडा, गोदावरीवरचे सगळे बंधारे काढून टाका, म्हणजे तापमानवाढीतला नाशिकचा वाटा संपला. लेखक ‘गोदाप्रेमी’ यांची नदीवरची माया खरी आहे. पण मी पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय आणि ही पोस्ट माझ्याच विद्यार्थ्यांनी खरी मानून मला पाठवली, तेव्हा गप्प बसवेना.

मिथेन तयार होतो तळच्या गाळात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि कुजायला भरपूर माल असतो. आपल्याकडे तो माल येतो गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी-वाघाडीच्या सांडपाण्यातून आणि बुडून सडणाऱ्या पाणवेलींतून. पाण्याची हालचाल पुढचं ठरवते: वायू कधी, कुठे आणि कोणत्या रूपात बाहेर पडणार. पाणी घुसळलं की ऑक्सिजन खाली उतरतो आणि मिथेन खाणारे जिवाणू त्याचा कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. हे चांगलंच, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन मिथेन साधारण २८ पट तापवतो. पण तीच घुसळण विरघळलेला वायू झपाट्याने हवेतही सोडते. सोड्याची बाटली हलवून उघडल्यावर काय होतं ते आठवा. सोमेश्वरच्या धबधब्यात तेच चालतं. २०१३ च्या एका जागतिक अंदाजानुसार ओढे-नद्यांमधून वर्षाला १.८ अब्ज टन कार्बन हा कार्बन डायऑक्साइडच्या रूपात हवेत जातो आणि तलाव-धरणांमधून ०.३ अब्ज टन. मग वाहतं पाणी निर्दोष कसं?

धरणाचंही तसंच. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, थर मिसळत नाहीत आणि तळचा ऑक्सिजन संपतो. ते तळचं पाणी सोडलं की दाबाखाली विरघळून राहिलेला मिथेन बाहेर पडताच उडून जातो. फ्रेंच गयानातल्या पेती-सो धरणावर हे मोजलेलं आहे. तिथे नदीला ऑक्सिजन मिळावा म्हणून धरणाच्या खाली मुद्दाम बंधारा बांधावा लागला. तेव्हा ‘पाणी सोडा’ म्हणताना कोणत्या थरातलं, हे विचारायलाच हवं.

गेल्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन तपोवनाच्या खाली गेलो होतो. गुडघाभर पाणी, ओढ जवळजवळ नाहीच. बाटली पाण्याने भरून उलटी धरली, तोंडाला नरसाळं लावलं आणि एका मुलाने बांबूने गाळ ढवळला. दहा मिनिटांत लिटरची बाटली निम्मी बुडबुड्यांनी भरली. सावलीत नेऊन काडी लावली, तर फिकट निळी ज्योत क्षणभर तोंडाशी नाचली. शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीत माज्जोरे सरोवराच्या काठी असाच चिखल ढवळून हा वायू गोळा केला होता. त्या मुलाने घरी जाऊन आईला सांगितलं की आपली गोदामाई पेटते. ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

गोदाप्रेमी

सर, आठ वर्षं दर रविवारी नदीत उतरून प्लास्टिक वेचतोय, त्यामुळे गाळ मला शिकवू नका. तुमची बाटली भरली कुठे? ओढ नसलेल्या पाण्यात! मी वेगळं काय म्हणालो होतो? सोमेश्वरला धारेत नरसाळं धरा आणि एक बुडबुडा दाखवा. आकडे देऊन लोकांना गोंधळात टाकलं की ज्यांना काहीच करायचं नाही त्यांचं फावतं, याचा मला खरा राग आहे.

पंचवटीची सून

माझं घर रामकुंडापासून शंभर पावलांवर. दोघांनाही सांगते, मे महिन्यात धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की पहिल्या दिवशी वास कमी होत नाही, दुप्पट होतो. पाणी काळंशार येतं, मासे वर तोंड काढून आ वासतात, दुपारपर्यंत पायऱ्यांना मेलेले लागतात. सासूबाई खिडक्या लावून देव्हाऱ्यात धूप घालतात. तिसऱ्या दिवशी पाणी निवळतं. मग वाहतं पाणी चांगलं की वाईट, तुम्हीच ठरवा.

आणि खरं दुखणं कुणी बोलतच नाही. कुंडांच्या तळाला काँक्रीट ओतलं, तिथेच नदी मेली. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भर उन्हाळ्यातही कुंडात खालून गार झरा पायाला लागायचा. २०२७ च्या सिंहस्थाच्या आधी काँक्रीट काढा, मग मिथेन मोजा.

तपोवनकर

ताई, मिथेनला वास नसतो. तुम्हाला येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. पण दोघांचा जन्म त्याच गाळातला, म्हणून तुमचं निरीक्षण नेमकं आहे. पहिल्या लोंढ्याने गाळ उठतो, अडकलेले वायू सुटतात आणि उठलेला गाळ पाण्यातला ऑक्सिजन खातो. मासे त्यानेच मरतात.

गोदाप्रेमी, धारेत बुडबुडा दिसणार नाही, कारण तिथे गाळच साचत नाही. विरघळलेला वायू न दिसता जातो.

निफाडकर

सगळे बंधारे काढा म्हणणाऱ्याने एकदा नांदूरमध्यमेश्वरला येऊन हे वाक्य मोठ्याने म्हणून दाखवावं. गोदावरी-कादवा संगमावरचा तो बंधारा आहे म्हणून डावा-उजवा कालवा आहे आणि हिवाळ्यात पाखरं उतरतात. २०२० ला पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला, तोही त्याच साचलेल्या पाण्यामुळे.

आणि बाराही महिने पाणी सोडा म्हणजे कुणाचं? खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडतात तेव्हा काय होतं ते ऐका. केटी वेअरच्या, म्हणजे नदीवरच्या छोट्या बंधाऱ्यांच्या, फळ्या काढतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडतात. ऐन घड निघालेल्या बागेला मी आठ दिवस टँकरने पाणी घातलंय. पाणी डोळ्यासमोरून वाहत होतं आणि मला हात लावायची सोय नव्हती. २०१९ च्या ऑगस्टात तीच नदी सायखेडा-चांदोरीत घरात शिरली. पुलाला पाणवेली अडकल्या होत्या. तेव्हा नव्हतं आलं कुणी हवामान वाचवायला!

पैठणवाला

दादा, तुमच्या बागेचं वाईट वाटतं. पण ‘कुणाचं पाणी’ हा प्रश्न आम्हालाही विचारता येतो. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ चा आहे. १५ ऑक्टोबरला नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, ६५ टक्के पाणी नसेल तर वरून सोडायचं, हे ठरलेलं आहे. तरी दरवर्षी कोर्टाची पायरी. माझ्या वडिलांची जमीन त्या धरणात गेली आणि आमच्या वस्तीला आठवड्यातून एकदा नळ येतो. चांगलं पाणी वर अडवायचं आणि सांडपाणी खाली पाठवायचं, याला न्याय म्हणतात का?

निफाडकर

सांडपाणी शहराचं, माझं नाही. आमच्या विहिरींनाही तेच उतरतं. शहराच्या पापात शेतकऱ्याला ओढू नका.

पैठणवाला

खतं, औषधं बागेतून नदीत जात नाहीत असं छातीवर हात ठेवून म्हणा.

निफाडकर

जातात. तुमच्या उसातूनही जातात. ऊस बंद करा, मग माझ्या द्राक्षांवर या.

तपोवनकर

दोघांचं भांडण जुनं आहे, ते इथे मिटणार नाही. पण पैठणवाल्यांनी माझ्या मुद्द्याचा गाभाच सांगितला. नाशिकने नदी कितीही वाहती ठेवली तरी तिच्यातला सडणारा माल संपत नाही, खाली जातो. आधी नांदूरमध्यमेश्वरच्या गाळात, तिथून नाथसागरात. उथळ पाण्यात बुडबुडा इतक्या पटकन वर येतो की जिवाणूंना तो खायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात पातळी उतरली की गाळावरचा दाब कमी होतो आणि बुडबुडे आणखी सुटतात. आपला मिथेन दुसऱ्याच्या दारात जाऊन निघाला, म्हणून आपण सुटलो असं मी वर्गात शिकवू शकत नाही.

गोदाप्रेमी

पाणवेली वाढताना हवेतलाच कार्बन डायऑक्साइड घेतात, मग हिशेब शून्यच की.

तपोवनकर

घेतात कार्बन डायऑक्साइड, बुडून कुजल्या की परत करतात मिथेन. २८ पट कुठे गेले?

गोदाप्रेमी

बरं. ‘सगळे बंधारे काढा’ हे वाक्य मी पोस्टमधून काढतो. निफाडकरांच्या टँकरमुळे काढतोय, तुमच्या पेती-सोमुळे नाही. ‘पाणी सोडा’ मात्र ठेवणार. तिसऱ्या दिवशी पाणी निवळतं हे ताईंनीच लिहिलंय, आणि उन्हाळ्यात मासा जगायचा तर पाणी लागतंच. त्याच्या वर ‘आधी सांडपाणी अडवा’ असं लिहितो.

तपोवनकर

त्या क्रमाने असेल तर माझी हरकत नाही.

पंचवटीची सून

मग पाणवेलींचंही लिहा. गेल्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसांनी दिवसभर ओढून काढल्या आणि पाण्यापासून चार हातांवर कंबरभर ढीग टाकून गेले. आज सकाळी पाहिलं तर खालून काळं पाणी ओघळून नदीलाच मिळतंय. पहिला पाऊस यायच्या आत तो ढीग उचलायला कुणाला फोन करायचा, एवढं सांगा.

गोदाप्रेमी

फोनची वाट नको. रविवारी सकाळी सातला फावडी आणि मुलं घेऊन येतो. निफाडकर, ट्रॉली मिळेल का? खत होईल तुमच्या बागेला.

निफाडकर

ट्रॉली पाठवतो. जायकवाडीचं मात्र मागे घेत नाही.