जर्जर मकानांवर नोटीस चिकटवून काय होतं? (इंदूर)

रामबागकर:
मंडळी, पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी तेच, जर्जर मकानांची यादी निघते, दारांवर नोटीसा लागतात आणि दिवाळी आली की सगळे विसरतात. आमच्या गल्लीत एक दोन मजली वाडा आहे, मागच्या भिंतीतून पिंपळ निघालाय, मनगटाएवढं खोड झालंय त्याचं आणि खालून शाळेची पोरं जातात. मालक फोन उचलत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, कायदा आहे तर लावा. 1956 च्या नगरपालिक निगम अधिनियमात (म्हणजे महापालिकेच्या कायद्यात) धारा 310 आहे, धोकादायक इमारत दुरुस्त करा नाहीतर उतरवा असं मालकाला सांगता येतं. स्वच्छतेत आपण 2017 पासून पहिले येत राहिलो कारण कचऱ्याची गाडी रोज दारात येते. मकानं बघायला मात्र वर्षातून एकदा, जूनमधे?

जुनी_इंदूरवाली:
कायदा लावा म्हणणं सोपं आहे दादा, लागतो कोणावर ते बघा. आम्ही वाड्यात तीन पिढ्यांपासून किराएदार, किराया 85 रुपये, मालक चार भाऊ, त्यातले दोन इंदुरात राहतच नाहीत. गच्चीवरचा पाइप फुटलाय, पाणी भिंतीत मुरतंय, सासऱ्यांनी तीनदा लिहून दिलं, शेवटी आमच्या पैशाने करतो म्हटलं तर तेही नाही म्हणाले. त्यांना मकान पडलेलंच हवंय. नोटीस आली की त्यांचं काम फुकटात होतं आणि आम्ही रस्त्यावर.

रामबागकर:
ताई, पण 1961 च्या स्थान नियंत्रण अधिनियमात, म्हणजे किराएदारीच्या कायद्यात, धारा 18 आहे ना, दुरुस्तीसाठी जागा सोडली तर किराएदाराला परत जागा मिळायचा हक्क आहे.

जुनी_इंदूरवाली:
तो कोर्टातून जागा रिकामी करायचा हुकूम झाला तर, आणि तेव्हाच सांगितलं की परत यायचंय तर. इथे जेसीबी येऊन मकान गेलं की मी कोणत्या खोलीचा हक्क मागू? खोलीच नाही राहिली. आधी मालकाकडून दुरुस्ती करवून घ्या, मग आम्हाला उठवा.

मालक_एक:
मी मालक आहे, माझंही ऐका. तीन किराएदारांचे मिळून महिन्याला 400 रुपये येतात, त्यात पत्र्याचं एक शीट येत नाही. आणि हिस्सेदारांची सही? एक काका म्हणतात विका, दुसरे म्हणतात आईची आठवण आहे. दंड लावाल तर भरणार कोण? सगळेच मालक मकान पडायची वाट बघत बसलेले नाहीत हो.

साइटवाले_काका:
35 वर्षं बांधकामात काढलीत म्हणून लिहितोय. दोन तारखा आठवा. 31 मार्च 2018, सरवटे बस स्टँडजवळची हॉटेलची इमारत कोसळली, 10 माणसं गेली. 30 मार्च 2023, बेलेश्वर महादेव मंदिर, रामनवमीचं हवन चालू असताना बावडीवरचं (पायऱ्यांच्या विहिरीवरचं) छत खचलं, 36 माणसं गेली. दोन्ही मार्चमधे, पावसाचा थेंब नव्हता. म्हणजे जूनच्या यादीने ह्यातलं काही थांबलं नसतं. रामबागकरांचं तिथे बरोबर आहे, बघायला बाराही महिने माणूस हवा, आणि बाहेरून फोटो काढून जाणारा नको. जुन्या वाड्यात तुळईचं भिंतीतलं टोक पहिलं सडतं, मधे ती ठणठणीत दिसते. स्क्रूड्रायव्हर घेऊन टोकाशी टोचावं लागतं, लोण्यासारखा आत गेला तर समजा. तेवढी एक तुळई वेळेत बदलली तर वाडा अजून उभा राहतो, पण नोटीसमधे 'रिकामं करा' एवढंच असतं, 'ही तुळई बदला, हा पाइप जोडा' असं कोणी लिहून देत नाही.

विजयनगर_आशुतोष:
काका, लिहून देणारा अधिकारी तरी सुरक्षित आहे का? जून 2019 मधे गंजी कंपाउंडमधे जर्जर मकानाच्या कारवाईला गेलेल्या अधिकाऱ्याला बॅटने मारतानाचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. कोण जाईल परत? मी तर म्हणतो सरळ पाडा, तुळया मोजत बसलात तर माणसं मरतील.

जुनी_इंदूरवाली:
विजयनगरच्या नव्या वस्तीत बसून पाडा म्हणता येतं. माझी सासू त्या खोलीत लग्न होऊन आली, आता 78 ची आहे. माणसं मरू नयेत हे मलाही कळतं, रात्री चुन्याची भुकटी पांघरुणावर पडते तेव्हा मीच जागी असते.

रामबागकर:
ताई, हे वाचून बोलायला जागा राहिली नाही. मी फक्त दंडाचा विचार करून राहिलो होतो. मालक दुरुस्ती नाही करत तर निगमने करावी आणि खर्च मालमत्ता करात लावावा, किराएदाराला हात न लावता. पण तुमची भिंत धोकादायक निघाली तर आत राहा असं मी नाही म्हणू शकत.

साइटवाले_काका:
ताई, भिंतीला भेग आहे का? असेल तर भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने बसवा, त्यावर तारीख लिहा. भेग हलली तर काच तडकते. तडकली तर सासूबाईंना घेऊन त्याच दिवशी बाहेर पडा, वाद नंतर. मी रविवारी सकाळी येऊन बसवून देतो, गल्ली सांगा.

जुनी_इंदूरवाली:
आहे काका, दरवाज्याच्या वर, बोट जाईल एवढी. या रविवारी.