पोलीस ठाण्यांना विचारून जिल्ह्यातल्या नशेचा अंदाज येतो का?

करवीरवाला
जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एनकॉर्डची, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या सरकारी समन्वय समितीची, जिल्हास्तरीय बैठक होते. तिथं मांडलं जातं ते केसेस किती, आरोपी किती, माल किती किलो. यावरून कोल्हापुरात काय वाढतंय हे कळत नाही, पोलीस किती फिरले एवढंच कळतं. माझं म्हणणं असं की, दर सहा महिन्यांनी जिल्ह्यातल्या तीसेक ठाण्यांना एकच प्रश्नावली द्यावी. हद्दीत कुठला माल मिळतो, किती सहज मिळतो, वाढला की घटला, पुडीचा भाव काय, येतो कुठून आणि सगळ्यात मोठी डोकेदुखी कशाची. अमेरिकेत नॅशनल ड्रग इंटेलिजन्स सेंटर ही संस्था राज्य आणि स्थानिक पोलिसांना असंच विचारून देशाचा अंदाज काढायची. 2012 मध्ये ती बंद झाली आणि काम डीईए या तिथल्या अमली पदार्थविरोधी खात्याकडे गेलं. आपल्याकडे जिल्ह्यापुरतं करायला काय हरकत आहे?

उसाचा_फड
हरकत एकच. ठाणेदार खरं लिहिणार नाही. 'जास्त मिळतो' लिहिलं की वरून पहिला प्रश्न येणार, मग तुम्ही काय करत होता? 'मिळत नाही' लिहिलं की विषय मिटला. आणि खरं लिहायची इच्छा असली तरी माहिती पाहिजे ना. नोव्हेंबर 2021 मध्ये चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेचा, कारखाना सापडला. पकडला कुणी? मुंबईच्या अमली पदार्थ विरोधी कक्षानं, मुंबईत हाती लागलेल्या मालाचा माग काढत. त्याच्या महिनाभर आधी तुमची प्रश्नावली चंदगडला गेली असती तर एमडीच्या रकान्यात काय आलं असतं, ते सांगा.

करवीरवाला
'नाही' आलं असतं, मान्य. पण तिथं माल बनत होता, विकला जात होता मुंबईत. विक्रीबद्दल विचारून कारखाना सापडत नाही. त्यासाठी प्रश्न वेगळे लागतात: हद्दीत बंद पडलेली कुठली पोल्ट्री, फार्महाऊस किंवा एमआयडीसीतली शेड बाहेरच्या माणसानं भाड्यानं घेतली, तिथं केमिकलचे ड्रम येतात का, रात्रीच काम चालतं का, उग्र वासाची कुणाची तक्रार आहे का. याची उत्तरं ठाणेदारापेक्षा बीट अंमलदार आणि गावचा पोलीस पाटील चांगली देतील.

पंचनामा
दोघांनी आधी सध्याचे आकडे किती फसवे आहेत ते बघा.

उसात लावलेला गांजा पकडला की झाडं मुळासकट उपटतात आणि ओलीच तोलतात. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, गांजा म्हणजे फुलोऱ्याचे, फळाचे शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांबरोबर नसतील तर त्यात येतच नाहीत. मूळ, माती, खोड, ओलावा सगळं धरून चाळीस किलो भरलेला माल वाळवून शेंडे वेगळे केले तर किती उरेल याचा विचार करा. बैठकीच्या तक्त्यात मात्र चाळीसच. कोर्टात बचावाचा वकील याच मुद्द्यावर उभा राहतो.

दुसरं, किलोची बेरीज. कायद्याच्या मोजमापात गांजा 1 किलोच्या आत अल्प प्रमाण, 20 किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण. एमडीच्या याच मर्यादा 2 ग्रॅम आणि 50 ग्रॅम. म्हणजे 30 किलो गांजा आणि 60 ग्रॅम एमडी, दोन्ही व्यावसायिक, दोन्हीला कलम 37 ची जामिनाची कडक अट लागू. तक्त्यात एका शेजारी 30 आणि दुसऱ्या शेजारी 0.06. प्रत्येक जप्तीला तिच्या व्यावसायिक मर्यादेनं भागा: गांजा दीडपट, एमडी 1.2 पट. आता तुलना होते.

तिसरं, कलम 27, म्हणजे सेवनाची केस. चिलीम ओढणाऱ्या दोघांना उचलायचं, सीपीआर या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी करायची, केस तयार. 26 जूनला आपल्याकडे शाहू जयंती आणि तोच अमली पदार्थ विरोधी दिन. त्या तोंडावर मोहीम लागते आणि जूनमध्ये 27 च्या केसेस उसळी मारतात. त्या पंधरवड्यात पोरं जास्त ओढायला लागली असं कुणी समजू नये. म्हणून सेवनाच्या केसेस आणि विक्री-वाहतुकीच्या केसेस कधी एकत्र मोजू नयेत.

आकडेमोड_कोल्हापूर
पंचनामा यांचं पटलं, म्हणून प्रश्नावली हवी असं माझं मत झालं. पण ती बनवायची कशी यावर सगळं आहे.

'जास्त, मध्यम, कमी' असे पर्याय दिले की डोंगरातल्या गगनबावड्याचं 'जास्त' आणि शहरातल्या राजारामपुरीचं 'जास्त' यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. पर्याय प्रसंगानं बांधा. अनोळखी माणसाला मागितल्यावर त्याच दिवशी मिळतो. ओळखीनंच मिळतो. हद्दीबाहेरून आणावा लागतो. शोधलं पण आढळला नाही. आणि पाचवा पर्याय, माहिती नाही. शेवटचे दोन कधीही एका रकान्यात टाकायचे नाहीत. उसाचा_फड यांच्या चंदगडच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. त्या ठाण्यानं एमडीपुढं 'माहिती नाही' लिहिलं असतं तर ते उत्तर खरं ठरलं असतं आणि वरच्यांना कळलं असतं की इथं कुणी बघतच नाही.

प्रत्येक उत्तरापुढं आधार लिहायचा: जप्ती, खबर, आरोपीचा जबाब की नुसता अंदाज. एका ठाण्यातून एकच फॉर्म नको. प्रभारी अधिकारी, डीबी (गुन्हे शोध) पथकातला एक, गोपनीय अंमलदार, असे तिघं वेगवेगळे भरतील. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर सरासरी काढू नका. कुठं जुळली नाहीत तेच बघण्यासारखं असतं. भाव विचारताना पुडीचा भाव आणि पुडीतलं वजन दोन्ही विचारा. टंचाई आली की विक्रेता बऱ्याचदा भाव तोच ठेवतो आणि पुडी हलकी करतो.

आणि अमेरिकेसारखी मोजकी खाती निवडून त्यांच्या उत्तरांवरून सगळ्यांचा हिशेब (भारांकन) मांडायची इथं गरज नाही. त्यांच्याकडे हजारो पोलीस खाती, आपल्याकडे तीस ठाणी. सगळ्यांनाच विचारा.

उसाचा_फड
तीसच ठाणी आहेत, गोची तिथंच आहे. हजारोंच्या गर्दीत नाव लपतं. गगनबावड्याचा फॉर्म म्हटला की कुणी भरला ते बिंदूचौकात उभा राहणारा पण सांगेल. तिघांचे तीन फॉर्म म्हणता, पण ते एकाच टेबलावर बसून, साहेबांना विचारून भरले जाणार. कोरी पाकिटं देऊन काही होत नाही.

त्यापेक्षा लोकांना विचारा. एम्सनं 2019 ला देशाचा सर्व्हे जाहीर केला, 2 लाखांवर घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. त्यात पोलिसांचा संबंध नव्हता.

आकडेमोड_कोल्हापूर
त्या सर्व्हेतून राज्याचा अंदाज निघतो, करवीर आणि शिरोळमधला फरक निघत नाही. शिवाय दारात आलेल्या अनोळखी माणसाला आई 'माझा पोरगा ओढतो' सांगत नाही. एम्सनंसुद्धा व्यसनात अडकलेल्यांसाठी वेगळी पद्धत घेतली, एकाकडून त्याच्या ओळखीच्या पुढच्याकडे जायची.

नाव लपवण्याचं म्हणाल तर फॉर्म पोलीस मुख्यालयात जाऊच नयेत. शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या विभागानं घ्यावेत आणि निकाल उपविभागवार द्यावा, ठाणेवार नाही.

औषधी_दुकान
यादीत काय घालणार ते कुणीच बोललं नाही. गांजा, चरस, एमडी, ब्राऊन शुगर एवढंच छापलं तर उत्तरं पण तेवढीच येतील. जिममध्ये टोचून घेतलं जाणारं मेफेंटरमाईन घ्या. भूल दिल्यावर रक्तदाब उतरला तर द्यायचं हे इंजेक्शन, चिठ्ठीशिवाय विकायला बंदी, पण एनडीपीएसच्या यादीत नाही. त्यामुळं कारवाई झाली तरी ती दुसऱ्या कायद्याखाली नोंदते आणि अमली पदार्थांच्या तक्त्यात शून्य दिसते. नायट्राझेपामच्या झोपेच्या गोळ्या एनडीपीएसमध्ये बसतात, मेफेंटरमाईन बसत नाही, घेणाऱ्याला दोन्ही नशाच. म्हणून प्रश्न कायद्यावरून नको, 'पोरं काय घेतात' असा पाहिजे. आणि एक फॉर्म अन्न व औषध प्रशासनाला, एक राज्य उत्पादन शुल्कला.

तिलारी_घाट
आणि शेजाऱ्यांना? चंदगडचा एक पाय बेळगावात, दुसरा तिलारी उतरून दोडामार्ग-गोव्याकडं. कागलच्या पुढं कोगनोळी नाका ओलांडला की कर्नाटक. निपाणी आणि संकेश्वरच्या ठाण्यांना विचारलं नाही तर 'येतो कुठून' या प्रश्नाला सगळे 'बाहेरून' लिहून मोकळे होतील. कन्नडमध्ये फॉर्म छापायला किती खर्च येतो?

बावडा_नाका
एवढा कागदी घोळ कशाला? कसबा बावड्याच्या 76 एमएलडीच्या (रोज 76 दशलक्ष लिटर) प्रक्रिया केंद्रात शहराचं सांडपाणी येतं. त्याच्या नमुन्यांत नशेचे अंश किती ते तपासा. मैला खोटं बोलत नाही.

पंचनामा
खोटं बोलत नाही, पण चंदगड-आजऱ्याबद्दल काहीच बोलत नाही. तिथं शोषखड्डे. शिवाय असल्या तपासणीला लागणारी यंत्रं आणि माणसं जप्त मालाच्या अहवालांतच अडकलेली असतात. शहरापुरता जोड म्हणून घ्या.

उसाचा_फड
माझा विरोध कायम आहे, पण करायचंच असेल तर सगळ्या जिल्ह्यात एकदम नको. राजारामपुरी, इचलकरंजीतलं शहापूर आणि चंदगड, या तीन ठाण्यांत करून बघा. जूनची मोहीम आणि गणपतीचा बंदोबस्त सोडून, फेब्रुवारीत. पुढच्या सहा महिन्यांत बाहेरच्या पथकानं या हद्दींत जे पकडलं ते फॉर्मशी ताडून बघा. ठाण्यानं 'आढळला नाही' लिहिलं आणि तोच माल बाहेरच्यांनी पकडला, असं किती वेळा झालं ते मोजा.

करवीरवाला
चालेल. पण 'माहिती नाही' लिहिणाऱ्याला नोटीस काढायची नाही, हे आधी लेखी पाहिजे.

उसाचा_फड
ते लेखी तुम्ही आणा, मग बोलू.