शब्दचर्चा: ‘स्त्रियांना समान हक्क दिले पाहिजेत’ यात खटकतं काय?

प्रश्न

स्त्री-पुरुष समानतेवर भाषण करायचं आहे. श्रोत्यांत पुरुष जास्त, त्यातले बरेचसे बळेच आणून बसवलेले. मसुदा झालाय, पण काही शब्दांवर गाडी अडली आहे. समता म्हणावं की समानता? लिंगसमानता बरोबर की लिंगभाव समानता? आणि ‘स्त्रियांना समान हक्क दिले पाहिजेत’ हे वाक्य मोठ्याने वाचलं की दर वेळी खटकतं, पण चूक सापडत नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

पहिल्या दोन शंका लवकर मिटतील. समानता दाखवता, तपासता येते: समान वेतन, समान संधी, समान मतदान. समता हा शब्द त्यामागच्या मूल्यासाठी जास्त चालतो. पण ही भिंत काही पक्की नाही. राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेत ‘दर्जाची व संधीची समानता’ आहे, हिंदीत त्याच जागी ‘समता’ आहे. भाषणात याचा कीस पाडू नका, एक शब्द धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

लिंगभाव हा अभ्यासकांनी रुळवलेला शब्द. शरीरासोबत येतं ते लिंग आणि समाज शिकवतो तो लिंगभाव, हा फरक त्यात आहे. कामाचा आहे, पण सभेत पहिल्यांदा ऐकणारा माणूस तिथेच अडखळतो. ‘स्त्री-पुरुष समानता’ सरळ कानात जातं. मात्र त्या जोडशब्दात तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्ती मावत नाहीत. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची वेगळी ओळख मान्य केली आहे. भाषणात त्यांचा विषय येणार असेल तर लिंगभाव वापरा आणि तिथल्या तिथे एका वाक्यात उलगडून सांगा.

प्रतिसाद

खटकतंय ते ‘देणे’. वाक्यात देणारा कोण ते लिहिलेलं नाही, पण तो आहे आणि उंचावर बसलाय. ‘स्त्रियांना’ ही चतुर्थी, म्हणजे त्या हात पसरून उभ्या. मराठीत बक्षीस देतात, भीक देतात, सूट देतात, रजा देतात. हक्क मुळात असतो. कोणी तो नाकारतं, डावलतं, कोणी बजावतं. ‘हे हक्क त्यांचेच आहेत, आपण अडवून ठेवलेत’ असं म्हणून बघा. माहिती तीच, पण समोरच्याची खुर्ची बदलते. दात्याच्या जागी बसून मान डोलावणारा माणूस आता उत्तर द्यायला बांधील होतो.

‘देणे’चं आणखी एक रूप यापेक्षा चिवट आहे: ‘-ऊ देणे’. ‘आमच्याकडे सुनेला नोकरी करू देतात.’ हे कौतुकाने सांगितलं जातं आणि सांगणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. आता याच वाक्यात सुनेच्या जागी जावई ठेवा. ‘जावयाला नोकरी करू देतात’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटेल जावई आजारातून उठलाय किंवा तुरुंगातून सुटलाय. सभेत ही दोन वाक्यं लागोपाठ म्हणा आणि थांबा. हशा येईल. त्या हशानंतर वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

‘मदत’ही त्याच जातीचा. ‘मी बायकोला घरकामात मदत करतो’ यात काम बायकोचं हे आधीच ठरून गेलंय. ‘घरातलं काम आम्ही वाटून घेतो’ म्हटलं की मालकी दोघांची.

आणि सगळ्यात लबाड क्रियापदं म्हणजे आपोआप घडणारी. ‘सातवीनंतर तिची शाळा सुटली.’ शाळा काय हातातल्या दोरीसारखी सुटते? कोणीतरी सोडवली. ‘तिच्यावर अत्याचार झाला’ यात अत्याचार पावसासारखा येऊन गेला, करणारा वाक्यातच नाही. मराठीत कर्ता गाळणं फार सोपं आहे, आणि अशा विषयात तो हटकून गाळला जातो. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ असं विचारा. ज्या वाक्यात उत्तर सापडत नाही ते पुन्हा लिहा. लिंगसमानता की लिंगभाव या वादापेक्षा भाषणाला याचा उपयोग जास्त होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद

पटलं, पण एक भीती. बळेच आणून बसवलेल्या लोकांना दर वाक्यात ‘कोणी केलं?’ विचारत गेलात तर तिसऱ्या मिनिटाला मोबाइल बाहेर येतील. तुम्हाला मन वळवायचंय, उलटतपासणी घ्यायची नाहीये.

‘पटणे’ हेच क्रियापद बघा ना. ‘मला पटलं’ यात पटते ती गोष्ट, ऐकणारा चतुर्थीत. ते ज्याच्या त्याच्या मनात होतं, बाहेरून लादता येत नाही. ऐकवणं आणि सुनावणं मात्र वक्त्याच्या हातात असतं, म्हणून ते सोपं आणि म्हणून बहुतेक भाषणं तिथेच संपतात. (याच ‘पटवणे’चा कॉलेजच्या कट्ट्यावर ‘मुलगी पटवणे’ कसा झाला हा वेगळा विषय. तिथेही ‘पटवली’ म्हणताना तिला काय पटलं हे कोणी विचारत नाही.)

माझी सूचना सर्वनामांबद्दल आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. ही सोय मराठीत आयती आहे. वक्ता बाई असेल आणि ‘आम्ही स्त्रिया’ म्हणत राहिली तर समोरचे पुरुष प्रेक्षक होतात. वक्ता पुरुष असेल आणि ‘तुम्ही तुमच्या मुलींची शाळा सोडवता’ म्हणाला तर ते आरोपी होतात. ‘आपण तिची शाळा सोडवली’ यात कर्ताही आला आणि दोषात वक्त्याचा वाटाही आला. असं बोलणं लोक सहन करतात. फक्त ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’साठीही वापरतात, तेव्हा सुरुवातीलाच एखाद्या ठिकाणी ‘तुम्ही-मी आपण सगळे’ म्हणून टाका.

प्रतिसाद

‘माणूस’बद्दलही बोलायला हवं. ‘माणूस म्हटलं की स्त्री आलीच’ असा दावा नेहमी ऐकू येतो. मग ‘बाईमाणूस’ कशाला लागतो? ‘तिचा माणूस’ म्हणजे तिचा नवरा, ‘त्याचा माणूस’ म्हणजे त्याचा हस्तक, पण त्याची बायको कधीच नाही. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या वेळीही हाच प्रश्न होता. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात ‘ऑल मेन’ होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आलं. ‘मेन’मध्ये स्त्रियाही धरल्या आहेत, असं म्हणणारे तेव्हाही होते. मेहतांचं म्हणणं असं की या शब्दाचा आधार घेऊन स्त्रियांना वगळता येईल. शब्दाच्या वादाला ‘पाल्हाळ’ म्हणणारा कोणी सभेत उठला तर हे उदाहरण हाताशी ठेवा.

मूळ प्रश्नकर्ता

‘देणे’ची सगळी वाक्यं खोडली, अर्धा मसुदा गेला! आता संबोधनाचं सांगा. ‘उपस्थित माता-भगिनींनो’ चालेल ना? आदराचंच आहे.

प्रतिसाद

आदराचं आहे, पण नात्यातून आलेलं. पुरुषांना आपण ‘उपस्थित पिता-बंधूंनो’ म्हणत नाही, ते नुसते ‘सज्जनहो’. बाई मात्र कोणाची तरी आई किंवा बहीण असल्याशिवाय सभेत बसत नाही. समानतेच्या भाषणाची सुरुवात अशी करू नये. ‘मित्रमैत्रिणींनो’ करा, किंवा जरा भारदस्त हवं असेल तर ‘उपस्थित स्त्री-पुरुषहो’. महात्मा फुल्यांच्या लेखनात ‘एकंदर सर्व स्त्री-पुरुष’ असे शब्द येतात आणि ताराबाई शिंदे यांचं 1882 चं पुस्तक ‘स्त्रीपुरुष तुलना’च आहे, म्हणजे जोडशब्दात स्त्री आधी येण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे.

प्रतिसाद

जाता जाता व्याकरण. नवरा-बायकोचं उदाहरण देताना बरेच वक्ते ‘ते दोघे आले’ म्हणतात. ‘ते दोघे आले’ म्हणजे दोन पुरुष, ‘त्या दोघी आल्या’ म्हणजे दोन बायका, आणि एक बाई एक पुरुष असतील तर ‘ती दोघं आली’. मिश्र जोडीसाठी मराठी नपुंसकलिंग वापरते, पुल्लिंगाला आपोआप मोठेपणा देत नाही. मसुद्यात तेवढं तपासा. ‘दोघांनी’, ‘दोघांना’ अशा सामान्यरूपात हा फरक दिसत नाही, तिथे हात लावायची गरज नाही.